औषधी तेलें आणि रक्ताची गुठळी

पवईचा तलाव आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठीं 1891 सालीं तो बांधण्यांत आला. परंतु पवईचा इतिहास तलावाहून जुना आहे. 1799 सालीं हा मुलूख डॉक्टर स्कॉट नांवाच्या एका गृहस्थांना भाडेपट्ट्यानें देण्यांत आला होता. पुढें 1829 सालीं तो फ्रामजी कावसजी या पारशी सद्गृहस्थांकडे आला. त्यांनीं येथें विहिरी खोदल्या. ऊस, नीळ आणि तुती यांची लागवड केली. आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं 1830 सालीं या उद्योगाची मुक्त कंठानें वाखाणणी केली. कोणती वनस्पति कोणत्या मातींत रुजते आणि तिच्यापासून मनुष्याला कोणता लाभ होतो, हा प्रश्न पवईच्या भूमीवर असा फार पूर्वीं विचारला गेला. 1958 सालीं मुंबईची आय. आय. टी. ही संस्था स्थापन झाली, आणि 10 मार्च 1959 रोजीं पंडित जवाहरलाल नेहरूंनीं पवई येथें तिची कोनशिला बसविली. तेव्हांपासून तोच प्रश्न येथें शेताऐवजीं प्रयोगशाळेंत विचारला जाऊं लागला.

आजच्या भाषणाचा विषय या प्रश्नाच्याच एका शाखेचा आहे. वनस्पतींपासून काढलेलीं औषधी तेलें आपल्या घराघरांत असतात. दुसरीकडे, स्तनाच्या कर्करोगानें आजारी असलेल्या स्त्रीच्या रक्तांत गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. या दोन गोष्टी एकाच घरांत, एकाच अंथरुणापाशीं भेटतात तेव्हां काय घडतें? तेल निरुपद्रवी आहे, लाविलें तर गुण येईल, न आला तर अपाय तरी होणार नाहीं, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हें इतिहासाच्या साहाय्यानें पाहण्याचा माझा विचार आहे.

प्रथम आपल्या परंपरेकडे वळूं. रक्त वाहतें राहावें आणि प्रसंगीं थांबावेंही, हीं शरीराचीं दोन परस्परविरुद्ध कामें आहेत, हें आपल्या प्राचीन शस्त्रवैद्यांच्या ध्यानांत पुरतें आलें होतें. सुश्रुतसंहितेंत वाहतें रक्त थांबविण्याचे चार उपाय दिलेले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. यांतील स्कंदन म्हणजे रक्ताचें गोठणें. त्याच ग्रंथांत जळवा लावून रक्त काढण्याचाही विधि आहे. जळवेच्या लाळेंत रक्त गोठूं न देणारें एक द्रव्य असतें, हें युरोपांत 1884 सालीं हेक्राफ्ट या शास्त्रज्ञानें दाखविलें. म्हणजे रक्ताला थांबविणारी आणि रक्ताला वाहतें ठेवणारी अशा दोन्ही शक्ति निसर्गांत आहेत, आणि चतुर वैद्याला दोहोंचें भान ठेवावें लागतें, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. आपल्या घरगुती व्यवहारांतून मात्र तो निसटला. तेथें राहिली ती केवळ बाटली आणि बाटलीवरचा विश्वास.

आतां गुठळीची कथा ऐका. जर्मनीचे प्रसिद्ध विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्चो यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असें सिद्ध केलें कीं, फुप्फुसांत सांपडणारी रक्ताची गुठळी पुष्कळदां तेथें जन्मलेली नसते. ती पायाच्या खोल शिरेंत तयार होते, तेथून सुटते आणि प्रवाहाबरोबर वाहत जाऊन फुप्फुसाची वाट अडविते. 1856 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत या विषयाचें विस्तृत विवेचन आहे. गुठळी होण्याचीं कारणें आज तीन सांगितलीं जातात : रक्ताचा प्रवाह मंदावणें, शिरेच्या भिंतीला इजा होणें आणि रक्ताच्या घटनेंतच बदल होणें. या त्रयीला फिर्चो यांचेंच नांव दिलेलें आहे.

कर्करोगाशीं या गुठळीचा संबंध जोडण्याचा मान पॅरिसच्या आर्मां त्रूसो या वैद्यश्रेष्ठांना दिला जातो. 1865 सालीं विद्यार्थ्यांपुढें व्याख्यान देतांना त्यांनीं सांगितलें कीं, एखाद्याच्या शिरेंत कारणावांचून गुठळी झाली, तर शरीरांत कोठें तरी कर्करोग दडला असण्याची शंका घ्यावी. दैवाचा खेळ असा कीं, 1867 च्या आरंभीं त्यांच्या स्वतःच्याच डाव्या हाताच्या शिरेंत गुठळी झाली. तिचा अर्थ काय, हें त्यांना दुसऱ्या कोणी सांगावें लागलें नाहीं. त्यांनीं आपल्या शिष्याजवळ तो बोलून दाखविला, आणि त्याच वर्षीं जठराच्या कर्करोगानें त्यांचा अंत झाला. आपल्याच नियमाची सत्यता आपल्याच देहावर वाचण्याचा असा प्रसंग फार थोड्या वैद्यांवर आला असेल.

हिंदुस्थानांत या रोगाशीं नेटानें झगडण्याचें पहिलें मोठें केंद्र मुंबईंतच उभें राहिलें. लेडी मेहेरबाई टाटा 1931 सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढील वर्षीं सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तांनीं परळ येथें उभारलेलें टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजीं सर रॉजर लुम्ले यांच्या हस्तें उघडलें. भारतीय स्त्रियांत आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. या रुग्णालयानें 1998 पासून मुंबईंतील सुमारें दीड लक्ष स्त्रियांवर एक प्रदीर्घ पाहणी केली. प्रशिक्षित स्त्री-कार्यकर्त्यांनीं केवळ हातानें तपासून रोग लवकर सांपडतो काय, हें त्यांना पाहावयाचें होतें. वीस वर्षांचा हा लेखाजोखा 2021 सालीं प्रसिद्ध झाला. अशा तपासणीनें रोग आधींच्या अवस्थेंत सांपडतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यूचें प्रमाणही घटतें, असें त्यांत दिसून आलें.

रोग सांपडला कीं उपचार आले, आणि येथेंच फिर्चो यांच्या त्या तीन कारणांची आठवण ठेवावी लागते. शस्त्रक्रियेनंतर रोगी अंथरुणावर पडून राहते, प्रवाह मंदावतो. शिरेंतून दिलेल्या तीव्र औषधांनीं शिरेची भिंत दुखावते. कर्करोगाच्या पेशींतून रक्त गोठविणारीं द्रव्यें निघतात. रक्ताची घटना बदलते. तिन्ही कारणें एकाच देहांत एकत्र येतात. याखेरीज चौथी एक गोष्ट आहे, ती म्हणजे टॅमॉक्सिफेन हें औषध. 1962 सालीं इंग्लंडांत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीनें तें प्रथम तयार केलें. संततिनियमनासाठीं म्हणून शोधलेलें तें द्रव्य त्या कामीं निरुपयोगी ठरलें. परंतु 1973 पासून इंग्लंडांत स्तनाच्या कर्करोगावर तें वापरलें जाऊं लागलें. ज्या गांठी स्त्रीदेहांतील संप्रेरकावर पोसतात, त्यांच्या बाबतींत पांच वर्षें हें औषध घेतल्यानें या रोगाच्या मृत्यूचें प्रमाण सुमारें एक तृतीयांशानें घटतें. असंख्य संसार या लहानशा गोळीनें सावरलेले आहेत. परंतु तिच्या गुणाबरोबर एक दोषही येतो. 1998 सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या 13,388 स्त्रियांवरील प्रयोगांत, ही गोळी घेणाऱ्या स्त्रियांना फुप्फुसांतील गुठळीचा धोका सुमारें तिप्पट दिसून आला. मूळचा धोका लहान असल्यामुळें तिप्पट होऊनही तो लहानच राहतो, हें येथें सांगितलें पाहिजे. म्हणून या भयानें कोणीही स्त्रीनें आपण होऊन गोळी सोडूं नये. गोळी सोडण्याचा धोका गुठळीच्या धोक्याहून पुष्कळ मोठा असतो. मात्र गोळी घेत असतां सावध राहावें, एवढाच याचा अर्थ.

आतां वनस्पतींकडे येऊं. वनस्पति रक्तावर खरोखरच परिणाम करूं शकते काय? याचें उत्तर कॅनडा आणि उत्तर अमेरिकेंतील गोठ्यांनीं दिलें. 1920 नंतरच्या कांहीं वर्षांत तेथील गुरें अंगांतल्या अंगांत रक्तस्राव होऊन मरूं लागलीं. शिंगें कापण्यासारखी किरकोळ जखम झाली तरी रक्त थांबेना. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यानें शोध केला तेव्हां बुरसलेलें गोड क्लोव्हर नांवाचें गवत हें त्याचें कारण ठरलें. या गवताला मंद सुगंध देणारें कूमारिन स्वतः रक्ताला कांहीं करीत नाहीं. परंतु गवताला बुरशी लागली कीं त्याचेंच रूपांतर रक्त गोठूं न देणाऱ्या द्रव्यांत होतें. 1933 च्या फेब्रुवारींत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळांतून, न गोठणाऱ्या रक्तानें भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारीं गेला. कांहीं वर्षांच्या परिश्रमानंतर लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें विष वेगळें काढलें. त्याच्याच कुळांतील वॉरफरिन 1948 सालीं उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें, आणि 1954 सालीं तेंच माणसांच्या गुठळीवरील औषध म्हणून मान्य झालें. गवत तेंच, द्रव्यही एकाच कुळांतलें. गाईला मृत्यु, उंदराला विष आणि मनुष्याला जीवदान. फरक पडतो तो मात्रेचा आणि मोजमापाचा.

आपल्या ओळखीच्या तेलांकडे पाहिलें तरी हीच गोष्ट दिसते. लवंगेच्या तेलांत युजेनॉल असतें. प्रयोगशाळेंत तें रक्तांतील बिंबिकांना एकमेकींस चिकटूं देत नाहीं, आणि बिंबिका चिकटणें हेंच गुठळीचें पहिलें पाऊल होय. लसूण ठेचून तेलांत मुरविली म्हणजे अजोईन नांवाचें द्रव्य तयार होतें; त्याचाही असाच गुण 1984 सालीं शास्त्रज्ञांनीं वर्णिला. 1990 सालीं वैद्यकीय नियतकालिकांतून एक हकीकत प्रसिद्ध झाली. 87 वर्षांचे एक गृहस्थ रोज अतोनात लसूण खात असत. त्यांच्या पाठीच्या कण्यांत आपोआप रक्तस्राव झाला. गंधपुरा म्हणून ओळखलें जाणारें विंटरग्रीनचें तेल आपल्याकडे सांध्यांना चोळतात. वेदनाशामक मलमांतही तें असतें. तें जवळजवळ सर्वच मिथाइल सॅलिसिलेट असून तें ॲस्पिरिनच्या कुळांतलें आहे. वॉरफरिन घेणाऱ्या रोग्यांनीं असलें मलम अंगाला चोळल्यावर त्यांचें रक्त मर्यादेबाहेर पातळ झाल्याचा इशारा 1990 सालीं हाँगकाँगच्या वैद्यांनीं दिला. म्हणजे पोटांत घेतलेलेंच औषध रक्तांत जातें असें नव्हे. त्वचेवर चोळलेलेंही जातें.

हें ऐकून कोणी चटकन म्हणेल, “मग बरेंच झालें! रक्त गोठण्याचा धोका आहे ना? तर लवंग-लसणीच्या तेलानें रक्त पातळ करूं.” श्रोतेहो, हा तर्क वरवर सरळ दिसतो, परंतु तो फसवा आहे. एक तर घरच्या तेलांत गुणकारी द्रव्य किती, याचें मोजमाप नसतें. एका घाण्याचें तेल दुसऱ्यासारखें नसतें. दुसरें असें कीं, परीक्षानळींत बिंबिका रोखणारें द्रव्य पोटांत गेल्यावर पायाच्या खोल शिरेंतील गुठळी टाळील, असा पुरावा नाहीं. तिसरें, आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, ज्या स्त्रीला वैद्यानें मोजून-मापून गुठळीवरील औषध दिलें आहे, तिनें त्यांत स्वतःचें तेल मिळविलें तर मोजलेला तराजू एका बाजूस कलतो. शस्त्रक्रियेच्या आधींच्या दिवसांत असें घडलें, तर रक्त थांबविणें शस्त्रवैद्याला कठीण जातें. सुश्रुतानें स्कंदनाला उपायांत स्थान दिलें तें उगीच नव्हे.

वनस्पति आणि औषध यांचा आणखीही एक छुपा संबंध असतो, आणि त्याच्या इतिहासांत पवईचा वांटा आहे. हळदींतील कुरकुमिन हें द्रव्य स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काय करतें, हें पवईच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनीं पाहिलें आणि 2010 सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पेशी दुभंगतांना तिच्या आंत सूक्ष्म नलिकांचा एक सांगाडा सारखा बांधला व मोडला जातो. कुरकुमिनामुळें ही हालचाल मंदावते, पेशीचें विभाजन अडतें आणि अखेर पेशी मरते, असें त्यांना आढळलें. हें काम उत्तम आहे, आणि मुंबईकरांना त्याचा अभिमान वाटावा. परंतु तें पेशींवरचें काम आहे, रोग्यावरचें नव्हे. शास्त्रज्ञ हा भेद विसरत नाहींत, वाचणारे मात्र विसरतात. 2019 सालीं हॉलंडमधील रॉटरडॅमच्या वैद्यांनीं टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या 16 स्त्रियांना कुरकुमिन देऊन पाहिलें. टॅमॉक्सिफेनपासून शरीरांत एंडॉक्सिफेन नांवाचें जें खरें कार्यकारी द्रव्य बनतें, त्याचें प्रमाण त्यामुळें घटलें. आणि मिऱ्यांतील पिपेरिन जोडीला दिलें तेव्हां ही घट सुमारें 12 टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे नळींत रोगाची पेशी मारणारी हळद, देहांत रोगावरच्या औषधालाच दुबळें करूं शकते! येथें भाजींतल्या चिमूटभर हळदीचा प्रश्न नाहीं. ती खुशाल घालावी. प्रश्न आहे तो अर्क, गोळ्या आणि सत्त्वें यांचा.

तर मग वनस्पतींच्या तेलांकडे पाठ फिरवावी काय? मुळींच नाहीं. मुंबईचेच डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचें उदाहरण घ्या. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकीं ते एक. महारोगावर कडू कवठाच्या बियांचें तेल उपयोगी पडतें काय, याचा त्यांनीं मोठ्या चिकाटीनें पाठपुरावा केला. याच कुळांतील चौलमुग्रा तेल पोटांत घेतलें तर उमळे येत. सुईनें टोंचलें तर अंगांत भिनत नसे. 1915 च्या सुमारास हवाई बेटांत ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ स्त्रीनें त्याचें टोंचतां येण्याजोगें रूप तयार केलें. 1916 सालीं वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षीं ती वारली. पुढें 1940 नंतर सल्फोन औषधें येईपर्यंत हेंच तेल महारोग्यांचा आधार होतें. तेलाला हें स्थान मिळालें तें विश्वासानें नव्हे, तर परीक्षेनें. त्यांतील द्रव्य ओळखलें, मात्रा ठरविली, दोष पाहिले, आणि अधिक चांगलें औषध मिळतांच तें बाजूला ठेविलें. वनस्पतीचा खरा आदर याहून निराळा नसतो.

आतां शेवटची गोष्ट, आणि हिच्याचसाठीं मी आज आपला वेळ घेतला. अशी कल्पना करा कीं, घरांत एक गृहिणी आहे. तिची शस्त्रक्रिया होऊन कांहीं महिने झाले आहेत. रोज ती आपली गोळी घेते. एके दिवशीं तिची एक पोटरी दुखूं लागते. पाय किंचित सुजतो, ऊन लागतो, लाल दिसतो. ती म्हणते, “चालण्यानें शीण आला असेल.” सासूबाई मायेनें तेल कोमट करतात आणि पाय मांडीवर घेऊन चोळावयास बसतात. या दृश्यांत वाईट असें कांहींच नाहीं. आपल्या संसारांतील माया बहुधा अशा चोळणाऱ्या हातांतूनच व्यक्त होते. परंतु त्या पोटरीच्या खोल शिरेंत गुठळी असेल, तर तेंच चोळणें घातक ठरूं शकतें. दाबानें गुठळी सुटते आणि फिर्चो यांनीं दाखविलेल्या वाटेनें फुप्फुसाकडे निघते. असे प्रसंग घडल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. तेथें दोष तेलाचा नसतो, मायेचा तर नसतोच. दोष असतो तो न ओळखलेल्या सुजेचा.

म्हणून एवढें ध्यानांत ठेवावें. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या स्त्रीचा एकच पाय किंवा एकच हात नव्यानें सुजला, दुखूं लागला, तर तो चोळूं नये. त्याच दिवशीं वैद्याला दाखवावा. ध्वनिलहरींच्या यंत्रानें शिरेंतील गुठळी थोड्या वेळांत दिसते, आणि वेळेवर कळली तर तिच्यावर चांगले उपचार आहेत. एकाएकीं धाप लागली, छातींत कळ आली, थुंकींतून रक्त पडलें, तर सकाळची वाट पाहूं नये. रात्र असली तरी रुग्णालय गांठावें. आणि आपण कोणतें तेल, कोणता अर्क, कोणती गोळी घेतों, तें वैद्याला मोकळेपणानें सांगावें. वैद्य रागावेल म्हणून पुष्कळ स्त्रिया हें लपवितात. वैद्यांनींही न रागावतां विचारलें पाहिजे, कारण रागावणाऱ्या वैद्याला खरी हकीकत कधींच कळत नाहीं.

पवईच्या ज्या टेकड्यांवर एके काळीं नीळ आणि तुती रुजत होती, तेथें आज हळदीचें सत्त्व सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलें जातें. दोन्ही काळीं मनुष्य वनस्पतीजवळ गेला तो कांहीं मागावयास. मागणें चुकीचें नाहीं. न तपासतां घेणें चुकीचें आहे. घरांतील तेलाची बाटली फेकून द्यावी असें मी म्हणत नाहीं. ती उघडण्यापूर्वीं सुजलेल्या पायाकडे एकदां नीट पाहावें, एवढीच माझी विनंती आहे.